अस्तरावर राहिलेलं गिऱ्हाईक

करंदीकरांनी मला फसवलं.

करंदीकर म्हणजे नारायण पेठेत राहणारे, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले आणि बारा महिने छत्री घेऊन फिरणारे गृहस्थ. त्यांनी माझ्याच दुकानात, माझ्याच काउंटरवर कोपर टेकून, माझ्याच तोंडून एका बाईचे रंग काढून घेतले. कातडीचा घेतला, साडीचा घेतला, रागाचासुद्धा घेतला. ती बाई कोण, हे सांगितलं नाही. वर अस्तराची बाटली फुकट नेली. मी आयुष्यात कुणाला काही फुकट दिलेलं नाही, हे अख्ख्या पेठेला माहीत आहे. ती एक बाटली गेली, आणि ती नेमकी कशावर गेली हे कळलं तेव्हा मी भर गर्दीत उभी होते.

हे दिवाळी अंकात लिहायचं कारण असं, की करंदीकर वाचनालयातून सगळे दिवाळी अंक आणून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुकांना पेन्सिलने गोल करतात. म्हणजे हे त्यांच्या हातात पडणारच. करंदीकर, गोल करा, पण पुढे वाचा.

माझं दुकान छोट्या सैनिकांच्या रंगांचं होतं. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे खेळण्यांचं का? खेळण्यांचं नाही. दोन बोटं उंचीचे सैनिक, घोडे, रणगाडे, राक्षस आणून ते भिंग लावून रंगवणारी मोठी माणसं असतात. नोकरी करणारी, लग्न झालेली, दाढी असलेली. ती आपल्या पुण्यात भरपूर आहेत. फक्त ती घराबाहेर ते सांगत नाहीत.

मी मूळची अमरावतीकडची. लग्न होऊन पुण्यात आले आणि एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. तिथे दिवाळीच्या आधी पोरं आणि त्यांचे बाप यायचे. अंगणात मातीचा किल्ला केलेला असायचा, आणि कुंभारवाड्यातून आणलेल्या मावळ्यांचे रंग उडालेले असायचे. त्यांना लाल, काळा, पिवळा असा चमचाभर रंग हवा असायचा. मालक हाकलून द्यायचे. "पाव लिटरच्या खाली नाही." मी मनात म्हटलं, शेठ, तुम्ही गिऱ्हाईक नाही, धंदा हाकलून देताय. तोच धंदा मी पुढे शेखभाईंच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात, पुढचा अर्धा गाळा भाड्याने घेऊन सुरू केला. मधे प्लायवूडची भिंत घातली. शेखभाईंचं घराणं पुण्यात कित्येक पिढ्यांचं. भाडं ठरवताना मी इतकी घासाघीस केली की शेवटी ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल तेच भाडं. पण आता मला नमाजाला जाऊ द्या."

दुकानावर मी पाटी लावली होती: "भाव ठरलेला आहे. तरी घासाघीस करून पाहावी." पाटीत पहिलं वाक्य पुण्यासाठी होतं, दुसरं माझ्यासाठी. माल घेऊन निमूट पैसे टाकून जाणारं गिऱ्हाईक मला कधीच आवडलं नाही. ज्याने भाव केला नाही, त्याने दुकानात लक्षच दिलं नाही, असं मी समजते.

आता धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे करंदीकरांचा गुन्हा नीट कळेल.

छोट्या सैनिकाला भिंतीचा रंग चालत नाही. तो जाड असतो. नाक, डोळे, मिशा सगळं भरून निघतं आणि सैनिकाच्या अंगावर कुणी श्रीखंड ओतल्यासारखं दिसतं. रंग पातळ हवा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात हवेत. पण त्याच्याही आधी लागतं अस्तर. सगळे त्याला प्रायमर म्हणतात, मी अस्तर म्हणते. रंगाला धरून बसायला काहीतरी लागतं. माती रंग पिऊन टाकते. प्लास्टिक झटकून टाकतं. धातू वरवर घेतो आणि नख लागलं की सालासारखा सोडून देतो. रेझिनच्या पुतळ्यांना साच्यातून सुटावं म्हणून तेलकट हात लावलेला असतो, तो भांड्यांच्या साबणाने धुवावा लागतो. मी प्रत्येकाला सांगायचे, आधी अंघोळ, मग अस्तर, मग रंग. आपण घरातल्या माणसांनासुद्धा याच क्रमाने कपडे घालतो.

अस्तर तीन प्रकारचं. काळं, पांढरं आणि राखाडी. काळ्यावर रंग गंभीर दिसतो, आणि ब्रश जिथे पोचला नाही ती फट सावलीसारखी वाटते, त्यामुळे आळशी माणसांनी काळं घ्यावं. पांढऱ्यावर पिवळा आणि लाल खुलतो, पण एक जागा सुटली तरी ती दात काढून हसते, म्हणून पांढरं घेणाऱ्याकडे धीर हवा. ज्यांचं ठरत नाही ते राखाडी घेतात. मी सर्वांत जास्त राखाडी विकलं. आणखी एक युक्ती आहे: पूर्ण काळं करायचं आणि मग डोक्यावरून पांढऱ्याचा हलका फवारा मारायचा. रंग लावायच्या आधीच सैनिकाच्या डोक्यावर ऊन पडतं. ही युक्ती मी फक्त भाव करणाऱ्यांना सांगायचे.

हे सगळं तोंडाने सांगून पटत नाही म्हणून मी आइस्क्रीमचे लाकडी आणि प्लास्टिकचे चमचे जमवले होते. प्रत्येक चमच्यावर काळ्या, पांढऱ्या आणि राखाडी अस्तराचा पट्टा, आणि तिन्हींवरून एकच रंग ओढलेला. एकच लाल तीन ठिकाणी तीन वेगळ्या माणसांसारखा दिसतो. असे चमचे दोरीत ओवून मी दुकानभर टांगले होते. वारा आला की ते वाजायचे. शेखभाई म्हणायचे, "वहिनींच्या दुकानात कायम कुणीतरी जेवतंय."

करंदीकर पहिल्यांदा भांडायला आले. दिवाळीच्या तोंडावर, छत्री काखेत.

"तुम्ही मला फसवलंत," ते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"कशात?"

त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून काउंटरवर ठेवली. अर्धवट वितळलेल्या आइस्क्रीमसारखं काहीतरी होतं.

"हा बुरूज आहे," ते म्हणाले. "होता. तुमच्या अस्तराने खाल्ला."

"थर्माकोलचा?"

"अर्थात."

"आणि त्यावर डब्यातला फवारा मारलात?"

"डब्यावर लिहिलंय, सर्व पृष्ठभागांसाठी."

"डब्यावर लिहिणारा कधी पुण्यात किल्ला करायला बसला नसेल. आणि विकताना मी सांगायला गेले, तर तुम्ही म्हणालात, मला सगळं माहीत आहे, फक्त भाव सांगा."

करंदीकरांनी बुरूज उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "मी तसं म्हणालो असेन. पण तुम्ही ते ऐकायला नको होतं."

राग आला की माझ्या तोंडून अमरावती बाहेर पडते, तशी पडली. "काहून?" मी ओरडले. "काहून नाही ऐकायचं? मी काय भिंत आहे?"

"काहून म्हणजे काय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"काहून म्हणजे का!"

"सुंदर शब्द आहे," करंदीकर म्हणाले आणि त्यांनी छत्री काउंटरला टेकवली. पुढे बरीच वर्षं ती तिथेच टेकलेली मी पाहणार होते.

त्यांना मी समजावलं. फवाऱ्यात जे वाफ होऊन उडून जातं तेच थर्माकोल विरघळवतं. आधी रद्दी कागदाचे तुकडे पांढऱ्या गोंदात बुडवून बुरुजावर डकवा, वाळू द्या, मग पाण्यात मिसळणारं अस्तर ब्रशने लावा. त्यांनी खिशातल्या कागदावर त्याचा आडवा छेद काढून दाखवला, थर कुठला वर, कुठला खाली, बाण काढून. मी म्हटलं, चित्र नको, गोंद घ्या. मग भावावरून आमचं असं जुंपलं की प्लायवूडच्या पलीकडून शेखभाईंनी आवाज दिला, "वहिनी, मारामारी असेल तर सांगा, पुस्तकं उचलून ठेवतो!"

त्या वर्षी त्यांच्या सोसायटीचा किल्ला पेठेत पाहायला गर्दी झाली. बुरूज उभे राहिले होते. करंदीकर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "पडले नाहीत." पुण्यात याच्याहून मोठं कौतुक मिळत नाही.

इतर गिऱ्हाइकंही होती, त्यांच्यावर अन्याय नको. विश्रांतवाडीचा एक आयटीतला मुलगा होता, परदेशी खेळातले राक्षस रंगवणारा. शनिवारी यायचा, गाडी दूर लावून, आणि घरच्यांना "डॉक्टरकडे जाऊन येतो" असं सांगून. एकदा जुलैत रडवेला होऊन आला. "काकू, टोटल डिझास्टर. अख्खी आर्मी खराब झाली. सगळ्यांवर पांढरं पांढरं काहीतरी उगवलंय." त्याने राक्षस पुढे ठेवले. प्रत्येकाच्या अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी होती.

"फवारा कुठे मारला?"

"बाल्कनीत. पाऊस थांबला होता हो, मी वेट केला ना."

"पाऊस थांबला, पण हवा थांबली का? भिंतीला हात लावला तर ओली लागते, अशा दिवशी फवारा मारायचा नसतो. हवेतलं पाणी अस्तरात अडकतं. आणि लांबून मारला असशील, म्हणजे वाटेतच अर्धं वाळून पीठ झालं."

"मग मान्सूनमध्ये करायचं काय?"

"ब्रशने लाव. नाहीतर तप कर आणि ऑक्टोबरची वाट बघ."

त्याचे राक्षस मी दुरुस्त करून दिले नाहीत, तो माझा धंदा नव्हता. पण त्याला म्हटलं, तसेच रंगव, हे राक्षस थंडीतून आलेत असं सांग. त्याने त्यांच्या पायाशी बर्फ केला आणि कसल्याशा स्पर्धेत बक्षीस घेऊन आला. पेढे आणले. घरी अजून डॉक्टरचंच सांगत होता. बायकोला शेवटी कळलं तेव्हा ती स्वतः दुकानात आली, मला वाटलं आता हिच्याशी भांडण होणार. ती म्हणाली, "मला कुठलं अस्तर घ्यावं लागेल? मला परी रंगवायचीय." मी तिला पांढरं दिलं. तिच्याकडे धीर दिसत होता; लग्न टिकवलं होतं.

खडकवासल्याच्या बाजूला राहणारे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांना गणवेशाचा हिरवा हवा होता. मी बाटल्या काढल्या. एकही पसंत नाही. "बाई, हे नवीन कापडाचे हिरवे आहेत. मला धुतलेला पाहिजे." किती धुतलेला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पोस्टिंग संपत आलेला." मी राखाडी अस्तराच्या चमच्यावर हिरव्यात थोडा पिवळट मातकट मिसळला, मग थोडा आणखी, खांद्याला एक आणि पाठीला एक, कारण पाठ घामाने आधी विटते. सुभेदार चमच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी चमच्याला कडक सलाम केला. दुकानात असलेल्या सगळ्यांनी हसायचं की नाही ते ठरवेपर्यंत ते म्हणाले, "भाव?" आणि मग आम्ही चांगलं खणखणीत भांडलो.

आता मुख्य गोष्टीवर येते.

करंदीकरांचा किल्ला दरवर्षी वाढत होता. एका वर्षी पावसाळा संपता संपता ते आले आणि म्हणाले, "यंदा गडाच्या पायथ्याशी बाजार करतोय. पुट्टी हवी."

पुट्टी म्हणजे दोन रंगांच्या वड्या मळून एक केल्या की थोड्या वेळाने दगडासारखी होते ती. तिच्यातून हाताने माणसं घडवता येतात. करंदीकर आता आणलेल्या मावळ्यांवर समाधानी नव्हते, स्वतः घडवू लागले होते. पुट्टी मी विकली, नीट भाव करून.

पुढच्या आठवड्यात परत आले. "वानखडेबाई, बाजारात एक विक्रेती आहे. तिच्या रंगाचं जरा विचारायचं होतं."

"कशी आहे?"

"भांडखोर."

प्लायवूडच्या पलीकडे शेखभाईंना खोकला आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. ती माझी पहिली चूक.

"भांडखोर बाईला बाटलीतला 'स्किन' रंग लावू नका," मी म्हटलं. "तो बाहुल्यांना. तपकिरीत थोडा गेरू, किंचित पिवळा. उन्हातानात उभी राहणारी ना?"

"सावलीत. पण तापलेली असते."

"मग सावली काळ्याने करू नका, मेल्यासारखी दिसेल. जांभळट तपकिरी पाण्यासारखा पातळ करून गालाखाली आणि मानेत सोडा, आपोआप घडीत जाऊन बसतो. आणि राग दाखवायचा असेल तर..."

"हां, राग. रागाचं सांगा." त्यांनी कागद काढला.

"लाल पातळ करायचा, इतका की चमच्यावर दिसू नये. नाकाच्या शेंड्यावर, गालावर आणि कानाच्या पाळीवर एकेक टिपका. कान विसरू नका. चिडलेल्या माणसाचे कान आधी तापतात."

करंदीकरांनी माझ्या कानांकडे पाहिलं. मला वाटलं, चष्मा नीट करतायत.

"साडी?"

"मोरपंखी. अशी बाई बाजारात लांबून दिसली पाहिजे. तिला कुणी टाळून जाता कामा नये. आणि पदर खोचलेला ठेवा. आणि साडी चकचकीत नको, वरून मॅट वार्निश."

"डोळे?"

"पांढरे ठिपके काढू नका, घाबरल्यासारखी दिसेल. ही घाबरणारी नाही ना?"

"छे," करंदीकर म्हणाले. "मी तरी तिला घाबरलेलं पाहिलेलं नाही."

मला फार आनंद झाला होता. इतकी वर्षं लोक मला बाटल्यांचे नंबर विचारायचे. एका माणसाने पहिल्यांदाच एका बाईबद्दल विचारलं होतं, आणि मला ती बाई डोळ्यांसमोर दिसत होती, चांगली ओळखीची वाटत होती. त्या भरात मी बारीक दळलेल्या राखाडी अस्तराची बाटली काढून त्यांच्यापुढे सरकवली. "ही घ्या. हिच्यावर चेहरा मऊ बसतो. राहू दे, पैसे नकोत."

शेखभाईंचा खोकला थांबला. करंदीकर बाटलीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. मला वाटलं, कृतज्ञता आहे.

त्या दिवशी मी कुठली साडी नेसले होते, ते मी वाचकांवर सोपवते.

दिवाळीत किल्ला बघायला गेले. वर सदरेवर महाराज, खाली तटबंदी, एकही बुरूज वितळलेला नाही. पण गर्दी वर बघत नव्हती. गर्दी पायथ्याच्या कोपऱ्यात वाकली होती आणि हसत होती. मी पुढे घुसले. सोसायटीतल्या एक आजी नातीला सांगत होत्या, "अगदी हुबेहूब गं. आता ओरडेल बघ."

बाजारात धान्यवाला होता, कुंभार होता, घोड्याच्या नालांचं दुकान होतं. आणि त्यांच्या शेवटी एक अर्धा गाळा होता. मागे फळीवर मण्यांच्या बाटल्या. वरून दोऱ्यात ओवलेले, ब्रशच्या केसांचे तुकडे असावेत असे, इवले इवले चमचे. नखाएवढी पाटी. आणि काउंटरमागे पदर खोचून, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात बाटली उगारून, चष्मा कपाळावर चढवलेली मोरपंखी साडीतली मी. तोंड उघडं. नाकाचा शेंडा लाल. कान लाल.

मी वाकून पाटी वाचली. भाव ठरलेला आहे, तरी घासाघीस करून पाहावी.

"करंदीकर!" मी ओरडले. ते गडाच्या मागे पणतीत तेल घालत होते. "अहो, काय करून राहिले तुम्ही हे? मी काय म्हणून तुमच्या किल्ल्यावर?"

"बाजार आहे," ते म्हणाले. "बाजारात कुणीतरी भांडणारं हवं."

"महाराजांच्या काळात आइस्क्रीमचे चमचे होते?"

"नव्हते. तेवढी एक ऐतिहासिक चूक आहे. मला चालेल."

"फसवलंत तुम्ही मला! भांडखोर म्हणालात!"

"त्यात फसवणूक कुठे आहे?"

लोक हसायला लागले. मी आणखी चिडले आणि मग लक्षात आलं की माझा एक हात कमरेवर आहे आणि दुसऱ्या हातात, आजींनी दिलेली, चिवड्याची वाटी उगारलेली आहे. आजी एकदा खाली बघत होत्या, एकदा माझ्याकडे. शेखभाई गर्दीत उभे राहून डोळे पुसत होते. काउंटरची मापं त्यांनी पुरवली होती आणि दुकानाचा पडदा त्यांच्या बुकबाइंडिंगच्या कापडाचा होता, हे मागाहून कळलं. पण तिथे गर्दीतच मी इतकी हसले की चिवडा सांडला. हे मी कबूल करते, पण करंदीकरांनी त्याचा फायदा घेऊ नये.

हसून झाल्यावर मी नीट पाहिलं. चेहरा चांगला बसला होता. सावली जांभळट होती, मी सांगितली तशी. पण साडी चकाकत होती.

"वार्निश ग्लॉस मारलंय. मॅट सांगितलं होतं."

"मॅटमध्ये तुम्ही शांत वाटत होतात," करंदीकर म्हणाले.

काउंटरच्या अलीकडे एक गिऱ्हाईक उभं होतं. काखेत छत्री, मान पुढे, हातात वितळल्यासारखा एक गोळा. घडवला होता छान. पण रंगवलेला नव्हता. नखशिखान्त राखाडी अस्तर, बस्स.

"हा कोण, आणि असा का?"

"त्याचा रंग ठरत नाहीये," करंदीकर म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"आधी ती बाई मला द्या. मग सांगते."

"ती विकायची नाही."

"भाव सांगा."

"भाव नाही."

माझ्यासमोर उभं राहून "भाव नाही" म्हणणारा तो पहिला माणूस. मी सगळं करून पाहिलं. निघून गेल्यासारखं केलं, ते थांबवायला आले नाहीत. पुतळीत दोष काढले, त्यांनी सगळे मान्य केले. रंग बदलून मिळेल म्हटलं, नको म्हणाले. एका जुन्या तपकिरीची शेवटची बाटली माझ्याकडे होती, तो रंग आता येत नाही आणि करंदीकर तिच्यावर डोळा ठेवून होते. दिवाळीनंतर ते दुकानात आले तेव्हा तीही देऊ केली. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, हलवली, आतली रंग ढवळायची गोळी वाजवून पाहिली आणि परत काउंटरवर ठेवली.

"ती बाई गेली तर बाजार बंद पडेल," ते म्हणाले.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. दर दिवाळीत ते बाजार मांडतात, मी जाते, मी बाई मागते, ते गिऱ्हाइकाचा रंग विचारतात. मी सांगत नाही, ते देत नाहीत.

मधल्या काळात मी दुकान बंद केलं. गुडघ्यांनी उभं राहू दिलं नाही, आणि बसून भाव करता येत नाही. माझ्या अर्ध्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथला मुलगा भाव केला की कंटाळतो आणि म्हणतो, "काकू, ऑनलाइन बघून घ्या." शेखभाईंची मशीन मागे चालू आहे. प्लायवूडची भिंत तीच आहे.

आणि मग एक दिवस घरी मला दुकानाचा फोटो हवा होता. असाच, बघायला. सापडले भरपूर. काउंटरवर मांडलेले राक्षस, सुभेदारांची पलटण, परीसुद्धा. सगळ्यांनी आपापल्या सैनिकांचे फोटो काढून मला पाठवले होते. काउंटरमागे उभी असलेली मी कशातच नव्हते. एका फोटोत माझा अंगठा आहे, घोड्याच्या शेपटीशी. मी बाटल्या विकत राहिले, स्वतः एकही पुतळा कधी रंगवला नाही, मला तेवढा धीर नाही. आणि मला कुणी रंगवेल असं काही मनातही आलं नव्हतं. म्हणजे ते चमचे, ती पाटी, ती फळी आणि त्यांच्या मधे उभी मी, हे सगळं मिळून आता जगात एकाच ठिकाणी आहे. करंदीकरांच्या काचेच्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात.

म्हणून मला ती बाई हवी आहे. आता गंमत म्हणून नाही.

गेल्या दिवाळीत मी वाकून पाहिलं तेव्हा बाई पुसून स्वच्छ होती. ग्लॉस वार्निशचा हा एक फायदा, कापडाने पुसता येतं. पण गिऱ्हाईक तसंच होतं. नुसतं अस्तर फार दिवस उघडं ठेवू नये, हे मी करंदीकरांना पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. ते खरखरीत असतं, धूळ धरतं, हाताचं तेल पितं. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पिवळट डाग पडलाय. छत्रीची मूठ बोटं लागून काळी झालीय. दरवर्षी उचलून ठेवताना लागत असणार.

मी शेखभाईंना म्हटलं, "ड्रॉइंगवाला माणूस, रेघ तिरकी गेली तर जेवत नाही, आणि स्वतःला असा अर्धवट ठेवलाय."

शेखभाई पुस्तकाला टाके घालत होते. सुईवरची नजर न काढता म्हणाले, "वहिनी, तो रंगवून झाला, तर मग तुम्हाला विचारायला काय राहील?"

हे शेखभाईंचं उत्तर झालं. ते कुणालाही चांगलंच समजून घेतात, त्यांच्या उत्तरावर मी भाव ठरवत नाही. मला करंदीकरांचं हवं आहे.

तर करंदीकर, आता पेन्सिल खाली ठेवा. तुम्ही मला न सांगता माझे रंग माझ्याकडून घेतलेत. अस्तर फुकट नेलंत. मॅट सांगितलं, ग्लॉस मारलंत. माझं दुकान माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडे आहे. या सगळ्याचा जबाब द्यायला घरी या. येताना दोघांनाही कापसात गुंडाळून आणा, बाईला आणि त्यालाही. त्या गिऱ्हाइकाचा सदरा कुठला, छत्री कुठली आणि कानांना लाल लावायचा की नाही, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तपकिरीची बाटली अजून आहे, अधूनमधून हलवते, वाळू दिलेली नाही. ब्रश तुमचा. मी बसून सांगेन, तुम्ही रंगवा, आणि बाई कुणाकडे राहायची त्याचा भाव आपण मग करू, चांगला वेळ घेऊन.

पण आधी उत्तर द्या. मला नाकापासून कानापर्यंत रंगवलंत, आणि स्वतःला इतकी वर्षं माझ्यासमोर नुसत्या अस्तरावर उभं ठेवलंत.

काहून?